बाळापूरच्या ताईचा कूलर

हसा, पण पहिले पुरं ऐकून घ्या. गेल्या उन्हाळ्यात मी गोव्यातून ऑफिसचं काम करून राहिलो होतो ना, तवाची गोष्ट. खोलीवर नेट नव्हतं, म्हणून बागेतल्या एका कॅफेत जाऊन बसलो. तिथं इतकं शांत, का चमचा पडला तरी लोक वळून पाहत.

त्याच दिवशी पुण्याच्या साहेबासंगं मीटिंग. काम पसंत पडलं तरच अकोल्याचं घर सोडून असं बाहेरून काम करू देणार होते. मी बोलाले लागलो अन् सारी बाग माह्याकडं पाहाले लागली. मालकीणबाई तरातरा आल्या. म्हटलं, गेली आपली जागा.

"भाऊ, अकोल्याचे का?"

"हो. कसं वळखलं?"

"इथं बागेत कूलर नाही, तरी तुमी कूलरच्या वरताण बोलून राहिले! मी बाळापूरची. चला आत."

आतल्या खोलीत तिनं पत्र्याचा कूलर लावला. घर्रर्र सुरू झालं.

मी इचारलं, "ताई, या दमट हवेत हा काय गार करते?"

"काहीच नाही. पन याच्या आवाजाबिगर मले झोप नाही लागत."

मंग काय, तिच्या कृपेनं मी मोकळ्या गळ्यानं बोललो. साहेबानं परवानगी दिली. घरून बोलताना माह्या कूलरचा आवाज त्यायले रोजचाच होता. फोन ठेवताना म्हणे, "हे काय, अकोल्याला पोचलात पण?"

ताईकडं पाहिलं. ती चहा घेऊन उभी होती.

म्हटलं, "हो साहेब, आत्ताच पोचलो."