करंजीच्या घळीतली हाक

बाळंतीन निजली न्हवं? मंग सांगते. पाचवीची रात हाय, डोळं मिटायचं न्हाईत. चंद्रे, जांभई देऊ नगंस, दिव्यात तेल घाल. आन् ऐका.

रातच्याला बाहेरनं हाक आली तर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. म्हाईत हाय न्हवं? भूत एकच हाक मारतं, मानूस तीन मारतो. सारं गाव हे पाळायचं. एकटी येसाक्का सुईन पाळायची न्हाई. म्हनायची, "कळा काय तीन हाकंपत्तूर दम धरत्यात व्हय?"

अशी बाई पुन्ना व्हायची न्हाई, बायांनो! बाळंतपन झालं की बारा दिस तेल लावायला, शेक द्यायला जायची. आन् लेकरू दगावलं तरी बारा दिस जायचीच. सासवा फनकारायच्या, "पाळना रिकामा, आन् तेल कुनासाठी जिरवतीस?" ती म्हनायची, "लेकरू गेलं म्हून आई बाळंतीन न्हाई का?" आन् सोताच्या घरचं तेल आनायची.

वर धनगरवाड्यात बिरूची बायकू तानू. तिचं पयलं लेकरू जलमताच गेलं. छातीला दूध दाटलं, प्यायला कुनी न्हाई. येसाक्कानं मोगऱ्याची फुलं बांधून ते आटवलं. पोट बांधलं, शेजारी बसली, तिच्यासंगं रडली. वर्साभरानं तानूला पुन्ना दिस गेलं, तवा ती म्हनली, "आक्का, तू आलीस तरच मी जगन." येसाक्कानं सबूद दिला.

आवसंची रात. आन् हाक आली. "येसाक्काऽऽ! तानूला कळा लागल्या!"

बिरूचाच आवाज. एकच हाक! येसाक्का उठली. बोचक्यात एरंडेल, ओवा, सूत, मऊ जुनेर. कंदील घेतला आन् निघाली. म्होरं घोंगडं पांघरलेला बिरू. बोलंना, मागं बघंना.

"आरं, किती येळ झाला कळांना?" त्यो आपला झपाझपा म्होरं!

वड्यापाशी कंदील इझला. वारा न्हाई, काय न्हाई. लावला, पुन्ना इझला. मंग बोचकं जड झालं. आदी पायलीएवढं, मंग पोत्याएवढं. मंग लेकराचं रडं. डावीकडनं, उजवीकडनं, पार डोक्यावरनं! येसाक्कानं तिसऱ्यांदा कंदील लावला आन् खाली बघितलं. बिरूचं पाय... टाचा म्होरं, बोटं मागं!

आगं बाई गं! ही वाट धनगरवाड्याची न्हवंच. ही करंजीची घळ!

बिरू न्हाई, घोंगडं न्हाई. खडकावर एक बाई. केस मोकळं, पोट हे एवढं, दोनी हात कंबरंवर. म्हनली, "आदी माझं."

येसाक्कानं वळखलं. खालच्या आळीची गजरा. नऊ वर्सांमागं अडली व्हती. सासू म्हनली, "उजाडू दे, मंग सुईन बोलवू." उजाडायच्या आत पोटातल्या लेकरासकट गेली. येसाक्का त्या राती दोन घरं पल्याड निजली व्हती. कुनी हाकच मारली न्हाई.

आन् तेवढ्यात वरच्या वाटेनं खरा बिरू पळत गेला! "येसाक्का! आगं येसाक्का! येसाक्काऽऽ!" तीन हाका! येसाक्का ओ द्यायला गेली, तर गजराचा गार हात तोंडावर. वर तानू अडलेली. बिरूला घर रिकामं घावनार. आता?

दुसरी कुनी असती तर देवाचं नाव घेत बोंबलली असती. येसाक्कानं बोचकं खाली ठिवलं. त्यो हात हळूच बाजूला केला आन् म्हनली, "बस, माझे बाय. मला लई उशीर झाला."

तिनं कंबर चोळाया घेतली. बर्फावानी कंबर, गारठा खांद्यापत्तूर चढला. "टाक माझ्या गळ्यात हात. सोस. मी हाय." गजरानं गळ्यात हात टाकलं. कळ आली, मिठी आवळली. दुसरी कळ, येसाक्काचा श्वास कोंडला. तिसरीला डोळ्यांम्होरं काळोख! तरी ही आपली म्हनतीय, "सोस गं. मी हाय."

आन् मिठी सुटली. कुटंतरी बारीक ट्यांहां झालं. एकदाच.

येसाक्कानं जुनेर काढलं, पोटाला घट्ट बांधलं. गाठ मारताना गजरानं मनगट धरलं. "आक्का, बारा दिस येशील?"

बगा आता! न्हाई म्हनावं तर मान मुरगाळंल. व्हय म्हनावं तर बारा राती त्याच घळीत!

"यीन," येसाक्का म्हनली. "पन आदी तानूला सोडवते. जाऊ दे मला."

हात सुटला. पळत सुटली म्हातारी! काटं टोचलं, वहान गेली, मागं बघितलं न्हाई. वाटंत बिरू घावला, तिला खांद्यावर घिऊन वर चढला. कोंबडं आरवायला तानू सुटली. पोरगी झाली. ती पोरगी म्हंजी मी!

आन् सबूद? पाळला. दिसा माझ्या आईला तेल, राती घळीच्या तोंडाशी शेगडी आन् तेलाची वाटी. बारा राती. तेराव्या सकाळी खडकावर ते जुनेर व्हतं, घडी घालून ठिवल्यालं. येसाक्काच्या गळ्यावर बोटांचं निळं वळ मातर मरंपत्तूर व्हतं. मी बगितल्यात. ज्या हातांनी गजराला सोडवलं, त्याच हातांनी तिनं मला ही सुईनपनाची कला दिली.

तवा पोरींनो, त्या घळीनं कुनी जायचं न्हाई. येसाक्का सुटली, तुमी सुटनार न्हाई. आन् पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई.

गप. ऐका.

आली का हाक?

एकच आली, व्हय. चंद्रे, पदर सोड माझा. दुसरीची वाट बगू म्हनतीस? गजराच्या घरचं असंच वाट बगत बसलं व्हतं.

माझं बोचकं दे इकडं. ओऽऽ! आले गं बाय, आले!