दिसायला ठणठणीत

सन्माननीय अध्यक्ष डॉ. सीताराम ओवळेकर, घोडबंदरची वाहतूक ओलांडून कोलशेतला वेळेवर पोहोचलेल्या प्रमुख पाहुण्या जागृतीताई म्हसकर, सत्कारमूर्ती वल्लरी टिपणीस मॅडम, आणि बटाटेवड्यांचा वास येऊनही जागा न सोडणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात. वल्लरी मॅडमचे गुण सांगायची माझी लायकी नाही. का नाही, ते सांगतो.

आपल्या संस्थेने पाच देशांचा एक अभ्यास केला. एक आजार आहे, त्यात माणूस झोपून उठला तरी दमलेलाच उठतो. एक दिवस धावपळ केली की चार दिवस अंथरुणात. तपासण्या मात्र सगळ्या चांगल्या. इंग्रजीत त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, आपल्याकडे ‘नाटकं’ म्हणतात. त्यापायी कुठल्या देशाचं किती नुकसान होतं, ते मोजायचं होतं. मराठी प्रश्नावली माझी. त्यात प्रश्न होता, ‘आजारामुळे किती दिवस काम बुडालं?’

शहाडच्या शेवंतीबाई म्हणाल्या, “काम कसलं, मी घरीच असते.” आम्ही शून्य लिहिलं. अशा शेकडो बायका घरीच होत्या. पाच देशांत आपलं नुकसान सर्वांत कमी निघालं आणि मी बैठकीत छाती काढून म्हणालो, “आपली माणसं काटक.” तेव्हा टाळ्या वाजवणारे आज इथे आहेत. त्यांनी मान खाली घालायची गरज नाही, मी एकटा पुरेसा आहे.

मॅडम पुन्हा शहाडला गेल्या. एवढंच विचारलं, “बाई, तुमचं काम आता कोण करतं?”

“थोरली करते. कॉलेज सोडलं तिनं. आणि हे दुपारचे घरी येतात, अर्धी पाळी जाते त्यांची.”

मी मॅडमना सांगितलं, “प्रश्न बदलला की तुलना मोडते.”

“सर, बाकीच्या चार देशांनी घरकाम मोजलंय. तुलना आपणच मोडलीय.”

मी फाइल मिटली.

हा प्रश्न त्यांना सुचला कसा, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्यांना स्वतःलाच हा आजार जडला होता. आपल्या भिवा शिपायाला ते माहीत होतं. त्याने रेकॉर्ड रूममध्ये त्यांच्यासाठी चटई टाकून ठेवली होती. मी खेकसलो, “ही काय धर्मशाळा आहे का रे?” तो म्हणाला, “साहेब, मॅडम अर्धा तास पडतात म्हणून बाकीचा दिवस उभ्या राहतात. तुम्ही दिवसभर बसूनच असता, तुम्हाला काय.”

मग त्यांचा अर्ज आला. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, सोबत डॉक्टरांचं पत्र. अर्जावर मी शेरा मारला, ‘अर्जदार दिसायला ठणठणीत. शिफारस नाही.’ या आजाराची किंमत पाच देशांत मोजणाऱ्या माणसाने हे लिहिलं, सहीनिशी. अर्ज नामंजूर झाला, राजीनामा आला, आणि आज तुम्ही हार आणलेत.

अध्यक्ष महाराज, तुमच्या समोर जो लिफाफा आहे त्यात आभाराची यादी नाही. राजीनामा स्वीकारू नये, अर्ज मंजूर करावा, चूक माझी होती, असं माझं पत्र आहे.

काय म्हणालात, मॅडम? मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. त्या म्हणतात, “सर, मी परत येणार नाही, तेवढी ताकद उरली नाही. माझा राजीनामा राहू दे. प्रश्न तेवढा बदला आणि त्या बायकांकडे पुन्हा जा.”

जाईन, मॅडम. शेवंतीबाईंपासून सुरुवात करीन.

शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पोटात घाला. लिहिण्यातलं घालू नका.