धरणाच्या खिडकीतले मासे

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मावशी थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे धरणावरचा एक कर्मचारी होता, हातात ऑफिसचं पत्र घेऊन.

“तुमचं काय हो, दादा? मोतीबिंदू?”

“नाही मावशी. मला मासे दिसत नाहीत.”

“अगं बाई! आणि बाकीचं?”

“बाकी सगळं दिसतं. समुद्रातले मासे अंडी घालायला नदीत वर येतात ना, त्यांना धरण चढता यावं म्हणून पाण्याच्या पायऱ्या बांधल्यात. वर काचेची खिडकी आहे. तिथे बसून मी ते मोजतो.”

“किती भरतात?”

“दोन हंगाम शून्य लिहितोय. साहेब म्हणाले, पायऱ्यांत काही खोट नाही, तू डोळे तपासून घे.”

“तुमच्याआधी कोणी मोजायचं का?”

“एक काका होते. त्यांना रोज चारशे दिसायचे. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांनाही दिसेनात.”

“होतं असं कधीकधी. मग मासे गेले तरी कुठे?”

“खाली आहेत, धरणाच्या पायथ्याशी. पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली. हे मासे उड्या मारणाऱ्यांतले नाहीत, मावशी. पायऱ्या त्यांना उंच पडतात. आठ-दहा दिवस भिंतीला तोंड लावून थांबतात आणि तसेच परत फिरतात.”

“हे बरं दिसलं तुम्हाला!”

“डबा खायला खाली जातो ना, तेव्हा दिसतं.”

“मग तेच सांगा की साहेबांना!”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“डबा वर खात जा म्हणाले.”