नावावरून उलटं भांडण

"तू सुचवलेलंच नाव घालू, सूनबाई. मी हट्ट सोडला."

"नको बाबा, तुमचंच घाला."

शिंपीकाकांनी कान टवकारले. नोंदणी कचेरीच्या रांगेत नावावरून भांडणं त्यांनी पुष्कळ ऐकली होती, पण पुढे खिडकीशी उभ्या सासऱ्या-सुनेचं हे भांडण उलटंच चाललं होतं.

"अगं, परदेशी असलं तरी गोड होतं. मीच उगाच नाक मुरडलं."

"त्याचा अर्थ आठवतो ना, बाबा? 'पुष्कळ जगणारा'."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"आजोबा, मृत्यूच्या नोंदीत नुसतं 'बाळ' लिहिलं तरी चालतं," खिडकीतला कारकून हळूच म्हणाला.

"नाही चालत. बाबा, तुम्ही सुचवलेल्या नावाचा अर्थ सांगा यांना."

"'लढवय्या'. तू तर हसली होतीस, पाळण्यात सेनापती झोपवायचाय का म्हणून."

"हसले होते. पण दवाखान्यातल्या त्या काचेच्या पेटीत अकरा दिवस एकटा लढला तो. तेच लिहा."

सासऱ्यांनी पेन उचललं आणि तिच्यापुढे धरलं.

"मला अक्षर दिसत नाहीये गं. तूच लिही."

"अहो, आटपा की पुढे!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

शिंपीकाका गर्रकन वळले. "मागे सरका जरा. तिला नीट लिहू द्या."