दुखवट्याला आलेले प्रोफेसर

यरुशलेमच्या बसथांब्यावर रांगेत उभ्या पेनिनाला पुढच्या दोघी शेजारणींचं बोलणं ऐकू येत होतं.

"त्सिपोरा, तुझ्या भावाच्या सात दिवसांच्या दुखवट्याला प्रोफेसरसाहेब रोज येऊन बसायचे म्हणे."

"बसतील नाहीतर काय. माणसानं माणसाचं ऐकावं, यावर जन्मभर ग्रंथ लिहिलेत त्यांनी. आमचा योसेल मनातलं बोलायला त्यांच्या दारात गेला, तर म्हणाले, आत्ता लिहितोय, गुरुवारी या. बुधवारीच संपवलं त्यानं स्वतःला."

"अगं, निदान सांत्वन तरी केलं असेल."

"करतील कसं? घरचं माणूस बोलल्याशिवाय पाहुण्यानं तोंड उघडायचं नाही, ही आपली रीत. मी ओठ शिवून बसले."

"सातही दिवस?"

"नाही. शेवटच्या दिवशी ते उठले, तेव्हा बोलले मी."

"काय बोललीस?"

"गुरुवारी या."