शेवटचा फर्मा

—नाही हो ताई, पान फाटलेलं नाहीये. फाटलं असतं तर शिवणीत कपटा राहिला असता. बोट फिरवून बघा — साफ आहे की नाही? इथे अख्खा फर्माच नाही. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी — अशा घड्या एकावर एक शिवल्या की झालं पुस्तक. तीस वर्षं बाइंडिंग करतोय, एवढं कळतं मला. बसा ना. त्या स्टुलावर नको, खळ सांडलीय.

भुताच्या गोष्टींचा नाद कधीपासून तुम्हाला? आमच्या हिलाही होता. मी शिवायचो, ही समोर बसून मोठ्यानं वाचायची — भर दुपारी, दार सताड उघडं टाकून. कादंबरी नको म्हणायची. कादंबरीतलं भूत मुक्काम ठोकून बसतं, गोष्टीतलं कसं — येतं, घाबरवतं, चहा व्हायच्या आत निघून जातं. उद्या नवं घर, नवं भूत. शेवटचं पान आलं की मुद्दाम थांबायची, सावकाश पाणी प्यायची, आणि मी सुई हातात धरून तसाच. चिडायचो. मजाही त्यातच होती म्हणा.

काय? मिळेल का तो फर्मा? कुठला मिळायला, छापखाना कधीच बंद झाला. मी? मी कुठे काय शोधतोय — सुरी शोधतोय. ही काय, हातातच आहे.

खरं सांगू? ही प्रत मीच बांधलीय. कापडावरून मघाशीच ओळखली, आमच्या घरचा जुना पडदा आहे तो. रद्दीत घातली तेव्हा वाटलं, सुटलो. ही आजारी होती ना तेव्हा — आत, त्या खोलीत खाट होती — डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. संग्रहात गोष्टी अकरा. रोज एक वाचायची, आवाज बसला होता तरी. आणि गोष्ट अर्धी टाकून उठणारी बाई नव्हती हो ती. म्हटलं, शेवटच हातात नसला तर जाईल कशी? थांबेल. म्हणून शेवटचा फर्मा शिवलाच नाही मी. तिला सांगितलं, छापखान्यातून यायचाय. चार दिवस विचारत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "गोष्टीतल्या तिनं कडीला हात लावलाय. दार उघडतं का, तेवढं तरी सांगा." मी म्हटलं, उद्या येईल फर्मा.

उद्या उजाडायच्या आत गेली. फर्मा या खणात होता. खाटेपासून दहा पावलांवर.

असं बघू नका. घ्या हा. घडी फोडलेली नाही, मीही वाचलेला नाही. शिवून देतो, चार टाक्यांचं तर काम — नाही, राहू दे. तसाच न्या. अहो, इथे नका उघडू. बाहेर जा, घरी जाऊन वाचा. आणि ताई — दार उघडतं का, तेवढं — नको. काही सांगायला येऊ नका. जा तुम्ही.