बाजारात ओळख दाखवायची नाही

—नाही, नाही, परत ये. आत आलास ते ठीक, पण खुर्चीपाशी असा ताठ उभा राहून आरोळी कसली ठोकतोस? अरे, उद्या तुझी मुलाखत घेणारा माशांच्या वड्या करणाऱ्या कारखान्याचा मालक आहे, जेलर नव्हे. हळू म्हण— "मी इवाकिरी. नमस्कार." बस्स. हात मांड्यांना चिकटवू नकोस. आणि नाक खाजवायला परवानगी काय मागतोस? माझ्या घरात नाक खाजवायला सरकारी मंजुरी लागत नाही. हसलास— चला, हसलास तरी! पहिल्यांदा आलास तेव्हा काय केलंस आठवतंय? मी आत चहा गाळून बसलेय आणि तू बाहेर खांबासारखा उभा. का? तर दार कुणीतरी उघडेल म्हणून. घरफोडीत आत गेलेला माणूस, आणि त्याला दार उघडायचं सुचेना! मी तोंडावर बाही धरून हसले. मग वाईट वाटलं. इतकी वर्षं प्रत्येक दार दुसऱ्यानेच उघडलं, की असंच व्हायचं.

हं, आता मी मालक. "मधली वर्षं कुठे होतात?"— खाली बघू नकोस. त्याला सगळं ठाऊक आहे, सुटून आलेल्यांना कामावर घेतो म्हणूनच तर तुला त्याच्याकडे पाठवतेय. पण त्याला तुझ्या तोंडून ऐकायचंय. एकदाच सांग, सरळ सांग. घरफोडी केली, शिक्षा भोगली. पुढे वडिलांची दारू नको, आईचं आजारपण नको. आणि जमिनीवर डोकं टेकवू नकोस, ते ज्यांची घरं फोडलीस त्यांच्यासाठी ठेव. म्हण... छान. आवाज कापरा झाला थोडा, होऊ दे. चहा घे. अरे, विचारतोस काय, घे. आणि मला सेन्सेई म्हणणं सोड, मी काय शाळेतली बाई आहे? काकू म्हण.

तिकडे सेंझाकीला समुद्राचा वारा फार, कारखान्यात फरशी दिवसभर ओली. पायमोजे जाड घे. बुटांची काळजी नको, तुझ्या मापाचे मागवून ठेवलेत त्यांनी, तेव्हा—

काय? नाही, म्हणजे... हो, मुलाखतीआधी बूट कसे मागवतील. बरोबर आहे तुझं. आता तोंडातून गेलंच. सोमवारी फोन आला होता त्याचा. घेतलंय तुला. उद्याची मुलाखत नुसती रीत म्हणून, राहायची खोलीसुद्धा तिथेच. सांगणार होते रे! पण सोमवारी सांगितलं असतं, तर मंगळवारी कशाला आला असतास? काल कशाला आला असतास? सरकारने मला तुझ्यावर लक्ष ठेवायला नेमलंय, बिनपगारी, महिन्यातून दोनदा भेटायचं, इतकंच— आणि मी तुला रोज बोलावतेय, नमस्कार करायला शिकवायला! हे गेल्यापासून या घरात "येऊ का आत?" म्हणणारं आहे कोण? तुम्हीच लोक. बाकी गॅसवाला.

रागावलास? नाही? रागवायला हवं होतंस. बरं, मग शेवटचं ऐक. सेंझाकीला तुझ्यावर लक्ष ठेवणारं दुसरं कुणी असेल, माझं काम संपलं. आणि पुढे कधी इकडे वाकामात्सुला आलास, बाजारात दिसलास, तर मी ओळख दाखवणार नाही. आमची रीतच आहे तशी. सोबत बायको असेल, कामावरचं कुणी असेल— ही म्हातारी कोण, असं विचारलं तर काय सांगशील? म्हणून मी मुळ्याच्या जुड्या बघत पुढे जाणार. परवाच एकजण दिसला, खांद्यावर पोरगी. मला बघितलं त्याने, चांगलं बघितलं, आणि मान वळवली. शहाण्यासारखा वागला, मीच शिकवलेलं. या खोलीत इतकी माणसं शिकवली, इवाकिरी— आणि ज्यांचं चांगलं झालं ती मला ओळखत नाहीत. ज्यांचं बिनसलं तीच परत येतात. मग मी देवळात जाऊन मागू तरी काय, सांग?

रडतंय कोण? ऊठ, बस चुकेल. ही संत्री घे. आणि हे बघ, तू आपणहून नमस्कार केलास तर मला करता येतो, तेवढी मुभा आहे आम्हाला. पण तू करू नकोस. कळलं? सोबत कुणी असलं तर मुळीच नको. एकटा असलास तर... नाही. एकटा असलास तरी नको. जा आता.